परदेशात पोलीस, लाच आणि कायद्याची भानगड: इंदूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधीच सांगतो, मी वकील नाही. बँकेतून रिटायर झालो, लेक बाहेर असते त्यामुळे फिरणं झालं, आणि रामबाग-लोकमान्य नगरातल्या अर्ध्या ओळखीच्यांचे व्हिसाचे फॉर्म मीच भरून देतो. मग रात्री साडेदहाला फोन येतो, "काका, एक विचारायचं होतं". प्रश्न तेच ते असतात म्हणून एकदाचे लिहून टाकले. नंबर घातलेत, त्यामुळे एकच गोष्ट दोनदा लिहिलेली नाही. नियम बदलत राहतात, तेव्हा निघायच्या आधी त्या देशाच्या सरकारी साइटवर एक नजर टाकाच.

१. रस्त्यात पोलिसाने थांबवलं तर पहिलं काय करायचं?

थांबायचं. आवाज चढवायचा नाही आणि पाकीट तर अजिबात बाहेर काढायचं नाही. आपल्याकडे पलासियाला थांबवलं की आपण आधी फोन काढतो, कोणाचा ना कोणाचा भाचा कुठेतरी असतोच, तिथे भाचा नसतो. अमेरिकेत गाडीत असाल तर खाली उतरू नका, दोन्ही हात स्टिअरिंगवर दिसतील असे ठेवा आणि कागद काढायचे असतील तर "काढतोय" असं सांगून मग हात हलवा. बहुतेक वेळा कागद बघतात आणि जा म्हणतात.

२. पासपोर्ट जवळ ठेवायचा की हॉटेलात? झेरॉक्स चालते का?

देशावर आहे. जपानमध्ये टुरिस्टने ओरिजिनल पासपोर्ट कायम जवळ ठेवायचा असा कायदाच आहे, तिथे झेरॉक्स चालत नाही. इतर पुष्कळ ठिकाणी कॉपी बघून भागतं पण पोलिसाने ओरिजिनल मागितला तर दाखवावाच लागतो. नेपाळला व्हिसा लागत नाही म्हणून लोक नुसतं आधार घेऊन निघतात, तसं करू नका, मोठ्या माणसाने पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र न्यावं.

पोलिसाला पासपोर्ट द्यायला हरकत नाही, स्कूटर भाड्याने देणाऱ्याला डिपॉझिट म्हणून मात्र देऊ नका. परत करताना तो जुना ओरखडा दाखवतो, मनाला येईल ती रक्कम सांगतो आणि पासपोर्ट त्याच्या ड्रॉवरमध्ये असतो, मग बसा.

३. समोरचा खरा पोलीस आहे की नकली, कसं ओळखणार?

युनिफॉर्मवरून नाही ओळखता येत, साध्या कपड्यातले खरेही असतात. तो काय मागतो त्यावरून ओळखायचं. नेहमीची ट्रिक अशी की एक माणूस येऊन "डॉलर बदलून हवेत का" विचारतो, आपण नाही म्हणेपर्यंत दोघे "पोलीस" येतात, म्हणतात इथे नकली नोटा फिरतायत, पाकीट दाखवा. प्राग, बुखारेस्टकडे हे जुनं आहे. खरा पोलीस रस्त्यावर तुमच्या नोटा मोजायला मागत नाही. पाकीट हातात द्यायचं नाही, आणि म्हणायचं की चला, हॉटेलच्या रिसेप्शनवर किंवा पोलीस स्टेशनला बोलू. नकली असेल तर तिथूनच मागे फिरतो. त्याच्या गाडीत मात्र बसू नका, चालत जाऊ म्हणा.

नंबर फोनमध्ये टाकून ठेवा: युरोपात ११२, थायलंडला टुरिस्ट पोलीस ११५५ (इंग्रजी बोलतात), दुबईत इमर्जन्सी ९९९ आणि साध्या चौकशीला ९०१.

४. "इथेच पैसे भरा" म्हणाला, म्हणजे लाचच ना?

नाही, इथेच आपले लोक फसतात आणि उगाच भांडतात. युरोपात ट्राम-मेट्रोचे तिकीट चेकर साध्या कपड्यात असतात, दंड जागेवर घेतात आणि तो अगदी कायदेशीर असतो. जर्मनीत बिनतिकिटाचे ६० युरो. पुष्कळ शहरांत तिकीट नुसतं काढून चालत नाही, मशीनमध्ये घालून शिक्का मारावा लागतो, तो नसला तर तिकीट खिशात असूनही तुम्ही बिनतिकीट. माझ्या साडूंनी बुडापेस्टला अर्धा तास वाद घातला की तिकीट तर घेतलंय, दंड भरावा लागलाच आणि वर बोटीची वेळ गेली.

फरक पावतीचा. दंड असेल तर छापील पावती किंवा चलन मिळतं, कार्ड चालतं, रक्कम ठरलेली असते. लाच असेल तर पावती म्हटलं की तो इकडेतिकडे बघतो आणि रक्कम उतरायला लागते. दंडाची रक्कम कधी उतरत नाही.

५. सरळ सरळ पैसेच मागितले तर?

माझंच सांगतो. २०१८ ची गोष्ट, एक बेट होतं, देशाचं नाव सांगत नाही. स्कूटर घेतलेली, हेल्मेट डोक्यावर, पण इंटरनॅशनल परमिट नव्हतं कारण "कोण विचारतं" असं मीच घरी म्हणालो होतो. वळणावर हवालदाराने बाजूला घेतलं, एक शब्द न बोलता मोबाइलचा कॅल्क्युलेटर काढला, आकडा टाइप केला आणि स्क्रीन माझ्याकडे फिरवली. मी मान हलवली, त्याने एक शून्य खोडलं. बायको मागे बसून म्हणतेय देऊन टाका, ऊन किती आहे. दिले. पुढच्या वळणावर दुसरा उभाच होता, आणि त्याने मला बघून आपणहून हात केला की त्याला पहिल्याचा आधीच फोन गेला होता हे काही मला कळलं नाही, पण संशय आजही आहे. दुसऱ्याला मी म्हटलं, "रिसीट, पोलीस स्टेशन, ओके". चार शब्द. तो जरा वेळ बघत राहिला आणि जा म्हणाला.

म्हणजे करायचं काय, तर हसून, शांतपणे, मला वेळ आहे, चलन द्या, स्टेशनला जाऊन भरतो. घाई दाखवली की भाव वाढतो. फ्लाइटची वेळ झालीय हे चुकूनही सांगू नका. इंडोनेशियात चलनाला 'तिलांग' म्हणतात, तो एक शब्द माहीत असला तरी समोरच्याला समजतं की माणूस अगदीच नवखा नाही. समोर चाकू-बंदूक किंवा निर्जन रस्ता असेल तर मात्र हे सगळं विसरा, पैसे द्या आणि निघा, शहाणपणा नंतर.

परमिटचं पण ऐका. आपल्या नायता मुंडल्याच्या आरटीओत फॉर्म ४ए भरून मिळतं, फी १,००० रुपये, वर्षभर चालतं. पण लायसन्स नुसतं कारचं असेल तर स्कूटरला ते चालणार नाही, आणि अपघात झाला तर इन्शुरन्सवालासुद्धा हात वर करतो.

६. आपणच पुढे होऊन थोडे दिले तर पटकन सुटत नाही का? देणाऱ्याला कोण पकडतं?

पकडतात. सिंगापूरला तर हे स्वप्नातही करू नका, तिथे १९५२ पासून भ्रष्टाचारासाठी वेगळं खातं आहे, देणारा-घेणारा दोघांनाही १,००,००० सिंगापूर डॉलरपर्यंत दंड आणि ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दुबईतही देऊ करणं हाच गुन्हा, त्याने घेतली नाही तरी. साधं सिग्नल तोडल्याचं प्रकरण असतं, दंड भरला की संपलं असतं, आणि पासपोर्टमध्ये नोट घालून दिली की ते क्रिमिनल होतं. ही नोट घालायची सवय आपल्याकडचीच. तसं आपल्याकडेही २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणारा गुन्हेगार आहे, जबरदस्तीने द्यावी लागली तर ७ दिवसांत तक्रार केली तरच सुटका, पण हे कितीजणांना माहीत आहे.

७. खरंच अटक झाली तर?

एक वाक्य पाठ करा: "मी भारतीय आहे, माझ्या दूतावासाला कळवा". १९६३ च्या व्हिएन्ना कराराचं ३६ वं कलम आहे, पकडलेल्या परदेशी माणसाला हा हक्क आहे हे त्याला सांगणं आणि त्याने म्हटल्यावर विनाविलंब दूतावासाला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. कुलभूषण जाधव प्रकरणात २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने पाकिस्तानला याच कलमावरून दोषी धरलं होतं. पण मागावं लागतं, काहीजण घरी कळेल या लाजेने मागतच नाहीत आणि आठवडाभर कोणाला पत्ता नसतो.

दुसरं, न कळणाऱ्या भाषेतल्या कागदावर सही नाही. "नुसतं फॉर्मॅलिटी आहे" म्हणाले तरी नाही. अरबी किंवा थाई कागदावर सही म्हणजे कबुलीजबाब असू शकतो, दुभाषी मागा. सही केल्याशिवाय सोडतच नसतील तर सहीशेजारी मराठीत किंवा इंग्रजीत लिहा की मला यातलं वाचता आलेलं नाही. तिसरं, नाव-गाव, पासपोर्ट नंबर खरे सांगा, बाकी घटनेबद्दल वकील आल्यावर. आपल्याला गप्प बसता येत नाही, समजावून सांगितलं की समजेल असं वाटतं, आणि मोडक्या इंग्रजीत समजावताना भलतंच नोंदलं जातं.

८. दूतावास येऊन सोडवून नेतो का?

नाही. ही समजूत सिनेमाची आहे. दूतावासाची माणसं तुरुंगात भेटायला येतात, घरी कळवतात, वकिलांची यादी देतात, मारहाण वगैरे होत असेल तर तिथल्या सरकारकडे विषय काढतात. तिथल्या कोर्टाला ते सांगू शकत नाहीत की याला सोडा, आणि दंडही भरत नाहीत. घरच्यांनी इथून काय करायचं, तर परराष्ट्र खात्याचं 'मदद' पोर्टल आहे, २०१५ पासून चालू आहे, त्यावर तक्रार टाका, नंबर मिळतो, मग त्याच नंबराने पाठपुरावा. खासदाराचं पत्र लागतं का असं विचारतात, लागत नाही, असलं तर बरं.

९. वकिलाचा खर्च कोण देणार?

आधी तुम्ही. ट्रॅव्हल इन्शुरन्स घेतलेला असतो पण तो बहुतेक दवाखान्यासाठी, गुन्ह्याच्या केसला तो नसतोच, काही पॉलिसीत जामिनाची थोडी रक्कम असते ते बारीक अक्षरात शोधा. अगदी परिस्थिती नसेल तर २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे, दूतावासाकडे असतो, गरजू माणसाला वकील, परतीचं तिकीट वगैरेसाठी त्यातून मदत होते. कागद दाखवावे लागतात आणि हक्क म्हणून मिळत नाही. शिक्षाच झाली तर कैदी हस्तांतरणाचा २००३ चा कायदा आहे, ज्या देशांशी करार आहे (युएई, थायलंड आहेत त्यात) तिथून उरलेली शिक्षा भारतात भोगता येते, पण त्याला वर्षं लागतात.

१०. दुबईला दिवाळीचा फराळ नेला तर चालतो का?

हा दर ऑक्टोबरला येतो म्हणून जरा लांब लिहितो. चकली, शेव, चिवडा, शंकरपाळे, लाडू, खुशाल न्या. खसखस नाही. युएईत खसखस अमली पदार्थांत मोडते. आपल्याला हे पटतच नाही कारण नीमच-मंदसौर इथून हाकेच्या अंतरावर, अफूची सरकारी परवान्याची शेती तिथे, खसखस सियागंजात पोत्यांनी, आणि मालव्यात ठंडाईपासून भाजीच्या वाटणापर्यंत सगळ्यात ती पडते. पण बोंड तेच, झाड तेच, आणि तिथला कस्टमवाला तुमच्या आजीची रेसिपी ऐकून घेणार नाही.

सगळ्यात धोका अनारशाचा. मेव्हणी दोन वर्षांपूर्वी निघाली होती, आदल्या रात्री मी सहज विचारलं डब्यात काय, तर चाळीस अनारसे, पंधरा दिवस पीठ मुरवून केलेले. ती म्हणाली चमच्याने खरवडून काढते. खरवडली, पेपरवर ढीग झाला, पण अनारसा थापतानाच दाणे जाळीत जाऊन बसतात आणि तळल्यावर तर घट्टच. शेवटी ते आम्ही इथेच खाल्ले. नेण्यासाठी करायचे असतील तर तिळावर थापा. गरम मसाला, काळा मसाला घरचा असेल तर त्यातही खसखस असते, विचारून घ्या. गोड लाडवातही वरून भुरभुरतात.

तसंच पान, सुपारी दुबईत नाही. सिंगापूरला च्युइंग गम १९९२ पासून बंद, तंबाखू-गुटखा बंद, ई-सिगरेट बंद (ती थायलंडमध्येही बंद). आणि ती भांगेची मुनक्का गोळी, जी इथे टपरीवर मिळते आणि कोणी ती नशेत धरत नाही, ती बाहेरच्या देशात सरळ ड्रग.

११. रोजची औषधं नेताना काय काळजी?

डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत, औषधाचं घटकाचं नाव लिहून, गोळ्या मूळ पाकिटात. आपण प्रवासासाठी प्लास्टिकच्या डबीत आठवड्याच्या गोळ्या काढून घेतो, ते नको. युएईत ट्रामाडॉल, कोडीन, अल्प्राझोलाम असल्या गोळ्यांना तिथल्या आरोग्य खात्याची आधी परवानगी लागते, ती ऑनलाइन मिळते. कोडीनवालं खोकल्याचं औषध आपल्याकडे घरोघरी असतं, तेही यात आलं. जपानला १० टक्क्यांहून जास्त स्यूडोएफेड्रिन असलेलं सर्दीचं औषध नेता येत नाही. "माझं नाही, सासूबाईंचं आहे, बॅग एकत्र आहे" हे उत्तर कामाचं नाही, ज्याची बॅग त्याचं औषध.

१२. ओळखीच्यांनी छोटं पार्सल दिलंय, नेऊ का?

नाही. मला माहितेय की नाही म्हणणं जड जातं, गल्लीतला माणूस आहे, पापडच तर आहेत. २०१९ मध्ये मुंबईचं एक जोडपं हनिमूनला कतारला गेलं, घरच्याच नातेवाईक बाईने दिलेलं पाकीट बॅगेत होतं, त्यात चार किलोच्या वर चरस निघाली, दहा वर्षांची शिक्षा झाली. २०२१ मध्ये निर्दोष सुटून परतले, पण मधल्या काळात मूल तिथे तुरुंगात झालं. ज्यांच्यापुढे नाही म्हणताच येत नाही अशांचं असेल तर त्यांच्यासमोर उघडा, सगळं बाहेर काढून परत तुम्हीच भरा. उघडू नका म्हणाले, की विषय संपला. विमानतळावर अनोळखी बाई म्हणते बॅग जास्त झालीय, एवढी घ्या, तिलाही तेच.

१३. पासपोर्ट चोरीला गेला तर?

आधी पोलीस रिपोर्ट, मग दूतावास. परत यायचंच असेल तर इमर्जन्सी सर्टिफिकेट देतात, ते एकदाच भारतात येण्यापुरतं, त्यावर पुढचा देश फिरता येत नाही. पुष्कळ देशांत बाहेर पडायला तिथल्या इमिग्रेशनचा एक्झिट परमिटही लागतो, तेव्हा तिकीट दोन-तीन दिवस पुढे ढकला. आणि एकदा हरवल्याचं नोंदवलं की तो पासपोर्ट रद्द, दुसऱ्या दिवशी सोफ्याखाली सापडला तरी वापरू नका, विमानतळावर अडकाल.

१४. व्हॉट्सॲपवर कोणाला शिवी दिली म्हणून केस होते हे खरं का?

युएईत हो. सायबर कायदा आहे, मेसेजमधली शिवीगाळ, कोणाचा न विचारता काढलेला फोटो, दोन्हींवर तक्रार होऊ शकते, मधलं बोट दाखवणंही त्यातच. भाडं बुडवणाऱ्या मालकाला इंदुरी थाटात दोन शब्द सुनवावेसे वाटतात ते तोंडात ठेवा, लेखी तर नकोच. थायलंडमध्ये राजघराण्याबद्दल काही बोललं-लिहिलं तर ११२ कलमाखाली प्रत्येक गुन्ह्याला ३ ते १५ वर्षं. तिथल्या नोटेवर राजाचा फोटो असतो, खाली पडलेली नोट पायाने अडवू नका.

१५. इमिग्रेशनने बाजूच्या खोलीत बसवलं, म्हणजे अटक का?

अटक नाही, चौकशी. हॉटेलचं बुकिंग, परतीचं तिकीट, खर्चाचे पैसे याची खात्री करतात. कागद मोबाइलमध्ये असतात आणि तिथे वायफाय नसतं म्हणून प्रिंट न्या. सगळ्यांनी एकच उत्तर द्यावं, नवरा म्हणतो पाच दिवस आणि बायको म्हणते आठवडा, असं झालं की अजून तासभर. अमेरिकेत फोन तपासू शकतात. टुरिस्ट व्हिसावर जाऊन "मुलीच्या बाळंतपणात मदतीला" असं मोकळेपणी सांगणं आयांना फार आवडतं, खोटं बोलू नका पण तिथे पगारी काम करणार असा अर्थ निघेल असंही बोलू नका, मुलीला-नातवाला भेटायला आलेय एवढं पुरतं.

१६. एजंट म्हणतो टुरिस्ट व्हिसावर जा, तिथे नोकरीचा करून देतो. जाऊ दे का पोराला?

नको. टुरिस्ट व्हिसावर काम केलं की गुन्हेगार पोरगाच ठरतो, एजंट नाही. बँकॉकला डेटा एंट्रीची नोकरी म्हणून नेतात आणि सीमा ओलांडून म्यानमारमधल्या म्यावाडीला सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांत बसवतात, मार्च २०२५ मध्ये ५०० हून जास्त भारतीयांना तिथून सोडवून वायुसेनेच्या विमानांनी आणलं. एजंटचा नोंदणी नंबर ई-मायग्रेट साइटवर तपासा, आणि नोंदणीकृत एजंटला ३०,००० रुपये आणि जीएसटीपेक्षा जास्त फी घेता येत नाही. दोन-तीन लाख मागतोय म्हणजे तिथेच ओळखा.

१७. तिथे भानगड झाली पण विमान पकडून इंदूरला आलो, मग तर संपलं ना?

नाही संपलं. भारतीय नागरिकाने बाहेर केलेल्या गुन्ह्यालाही भारतीय न्याय संहिता लागू होते (आधी आयपीसी होती, १ जुलै २०२४ पासून ही), केंद्र सरकारच्या परवानगीने इथे खटला चालू शकतो. दुबईचं क्रेडिट कार्ड, लोन बुडवून आलेले बरेच आहेत, त्यांना वाटतं समुद्र आडवा आहे. जानेवारी २०२० पासून युएईच्या कोर्टांचे पैशाचे निकाल इथल्या जिल्हा कोर्टात अंमलात आणता येतात. आणि परत कधी त्या विमानतळावरून नुसतं ट्रान्झिटला जरी गेलात तरी सिस्टिममध्ये नाव असतं. छोटा दंड राहिला असेल तर ऑनलाइन भरून टाका, बहुतेक ठिकाणी सोय आहे.

१८. फोन आला की "तुमचा मुलगा इथे पकडला गेलाय, ताबडतोब पैसे पाठवा". खरं कसं समजणार?

आधी फोन ठेवा आणि मुलाला, त्याच्या रूममेटला, ऑफिसला लावा. कुठल्याही देशाचे पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत आणि जामीन यूपीआयवर घेत नाहीत. दूतावासाचा नंबर त्यांनी दिलेला नाही, साइटवरून तुम्ही काढलेला लावा. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० लावा, ही आपली सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन.

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंना असा आला होता, मुलगा मेलबर्नला. पलीकडून रडण्याचा आवाज, "आई, मला वाचव". काकू थरथरत होत्या, पासबुक हातात, मला हाक मारली, मी चप्पल न घालताच वर गेलो. तेवढ्यात त्या स्वतःच थांबल्या आणि फोनमध्ये म्हणाल्या, "अरे, पण तू मला आई कधीपासून म्हणायला लागलास?" घरात सगळे त्यांना माई म्हणतात. पलीकडून फोन कट.